वस्तऱ्याआधी धारेचा माणूस

माझी दाढी राठ आहे आणि मानेवरचे केस चारी दिशांनी उगवतात. तीन-चार पात्यांच्या रेझरने दाढी केली की दुसऱ्या दिवशी गळ्यावर लाल पुरळ येणार आणि काही केस कातडीच्या आतच वळून बसणार, हे ठरलेलं. अशा रेझरमध्ये पुढचं पातं केस ओढून वर काढतं आणि मागचं पातं तो कातडीच्याही खाली कापतं. राठ, वळणारा केस मग बाहेर यायच्या ऐवजी आतच वाढत जातो. त्यात आमचा अमरावती जिल्ह्यातला वरुड तालुका. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि संत्र्याची बाग जगवायची तर पाण्याच्या पाळीवर उभं राहावंच लागतं. मानेवरचा घाम त्या पुरळावर उतरला की जी आग होते, ती ज्याला होते त्यालाच कळते.

त्वचेच्या डॉक्टरांचा सल्ला साधा होता: एकाच पात्याने, केसांच्या दिशेने, न दाबता दाढी करा. एका ब्लेडचा जुना सेफ्टी रेझर आणला आणि बराच आराम पडला. त्या निमित्ताने वाचत गेलो, आणि ब्लेड न बदलता धार लावून वर्षानुवर्षं वापरतात त्या खऱ्या वस्तऱ्यावर मन बसलं. धारेचं मला आधीपासूनच वेड आहे. आमच्याकडे शेंदूरजना घाटाच्या पन्हेऱ्यांमध्ये जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. सालीला टी आकाराची चीर देऊन आत डोळा सरकवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. चाकू बोथट असेल तर साल कापली न जाता चेंगरते आणि डोळा धरत नाही. हे काम मी लहानपणापासून पाहिलंय, थोडंफार केलंही आहे.

सलूनमध्ये दिसतो तो वस्तरा मला नको होता. त्यात ब्लेडचं अर्धं पान घालतात आणि गिऱ्हाइकागणिक बदलतात. १९९० च्या दशकात एचआयव्हीबद्दल जागृती वाढली तशी ही पद्धत गावोगावी पोचली, आणि ती योग्यच आहे. एचआयव्ही काय, हेपॅटायटिस बी काय, एकच पातं चार जणांच्या गालावर फिरवणं धोक्याचं. पण त्यामुळे झालं असं की धारेचा वस्तरा गावातून नाहीसा झाला आणि त्याला धार लावायचं ज्ञानही चार-दोन म्हाताऱ्या माणसांपुरतं उरलं.

आमच्या गावात असे एकच आहेत. सलून आता त्यांचा नातू चालवतो. ते दुकानाबाहेर बाकावर बसलेले असतात. सगळा गाव त्यांना काकाजी म्हणतो, मीही. मोबाइलवर वस्तऱ्यांचे फोटो घेऊन मी त्यांच्यापुढं बसलो. कोणता चांगला, एवढंच मला विचारायचं होतं. त्यांनी फोटो बाजूला सारले.

"घेशील तं खरं बापू, पन पयले हे सांग, धार गेल्यावर कोनाकडे नेशील?"

म्हटलं, कलमाच्या चाकूला मी घरीच धार लावतो.

"तो येगळा, हा येगळा."

काय वेगळं, ते त्यांनी तिथंच हातातल्या चष्म्याच्या डबीवर दाखवलं. कलमाच्या चाकूचा कोन आपण मनगटाने धरतो. थोडा कमी-जास्त झाला तरी चालतो. वस्तरा मात्र दगडावर सपाट आडवा ठेवायचा असतो. पातं आणि पाठ दोन्ही दगडाला टेकलेली, आणि तसाच तो पुढं-मागं न्यायचा. कोन हात ठरवत नाही, पाठीची जाडी ठरवते. घरी येऊन हिशेब केला: पातं ५/८ इंच, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा कोन १६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे वस्तरा घडवतानाच त्याच्या धारेचं माप पाठीत भरलेलं असतं. पाठ वाकडी किंवा पातं पिळलेलं असेल, तर त्या वस्तऱ्याला जन्मात नीट धार येणार नाही.

हे कळल्यावर माझा शोधच बदलला. तोवर मी मूठ बघत होतो, नक्षी बघत होतो. शिंगाची मूठ, पितळी खिळे, पात्यावर सोनेरी अक्षरं. आता प्रश्न दोनच उरले. पातं सरळ आहे का? आणि धार पार गेली तर, काकाजींच्या पलीकडे, आपल्या पोचेल अशा अंतरावर ती लावणारं कोण आहे?

सायकलवर चाक घेऊन येणारे धारवाले मी लगेच बाद केले. विळे-कात्र्यांसाठी ते उत्तमच. पण वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की फिरत्या दगडावर ती क्षणात तापते, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग ती कड धार धरत नाही. अमरावतीत चौकशी केली, नागपुरात इतवारीत केली. कात्रीला धार लावणारे भेटले, वस्तऱ्याचं नाव काढल्यावर सगळ्यांनी ब्लेडचा घ्या म्हणून सांगितलं. शेवटी पुण्यातल्या एका हौशी माणसाचा पत्ता लागला. जुने वस्तरे दुरुस्त करायचे, दगडावर धार लावून द्यायची, विकायचे, असा त्यांचा नोकरी सांभाळून चाललेला उद्योग. धार गेली तर टपालाने पाठवा, लावून परत पाठवतो, म्हणाले. माझ्या दृष्टीने वस्तऱ्याची निवड तिथंच निम्मी झाली.

त्याच सुमारास माझ्या मावसभावाने ऑनलाइन एक वस्तरा मागवला होता. पात्यावर लाटांची नक्षी, मूठ रंगीत लाकडाची, डबी मखमलीची. दिसायला देखणा. आम्ही तो खिडकीच्या सुट्या काचेवर आडवा ठेवला. टोकाकडे बोट ठेवलं की मुळाकडची बाजू उचलली जायची, मुळाकडे दाबलं की टोक वर. चारपाईचा एक पाय आखूड असावा तसा तो काचेवर डुलत होता. कडेला उजेड धरून पाहिलं तर धारेच्या जागी चकाकणारी पांढरी रेघ दिसत होती. धार खरी असेल तर कडेवर उजेड थांबत नाही, कड दिसतच नाही. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. असे वस्तरे शोभेचे असतात, घेऊ नयेत. काचेची ही परीक्षा मात्र कोणीही, कुठेही करू शकतो.

काकाजींनी एक दिवस त्यांची धोकटी काढली. तिच्यात त्यांचे दोन वस्तरे होते, फडक्यात गुंडाळलेले. एकावर मुळाशी सोलिंगेन कोरलेलं. सोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-कात्र्यांचं गाव. ते नाव तिथं न बनलेल्या पात्यांवर घालू नये म्हणून १९३८ साली जर्मनीत कायदाच झाला. मी तो हातात घेतला. पोलाद काळपट पडलेलं, पण गंजाचा खड्डा एकही नाही. मूठ अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. मी मनात म्हटलं, हाच मागावा. काकाजींनीच माझा हात धरून पातं आडवं केलं आणि कड माझ्या डोळ्यांसमोर आणली. कड मध्ये आत गेली होती. दोन्ही टोकं उंच, मधला भाग खोल. दगडावर ठेवला की टोकं टेकणार, मध्य अधांतरी राहणार. पाठीवरही एका बाजूला झिजलेला रुंद पट्टा होता, दुसऱ्या बाजूला अरुंद. म्हणजे दोन्हीकडचा कोन आता सारखा नव्हता. "लय पोटं भरली यानं," ते म्हणाले, "आता याले काही मांगू नये." जुना वस्तरा कसा तपासायचा ते मला त्या एका पात्यावर समजलं. कड सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली चालते, आत गेलेली चालत नाही. पाठीची झीज दोन्हीकडे सारखी हवी. कडेजवळ गंजाचे खड्डे नकोत, कारण धार लावताना खड्डा कडेवर आला की तिथं कपची उडते. बारीक तडा असेल तर मोह सोडायचा.

मग निवडीला बसलो. सोलिंगेनचा नवा कोरा वस्तरा, म्हणजे १९०६ पासून चालत आलेल्या डोव्होसारख्या कारखान्याचा, मागवला तर सीमाशुल्क धरून किंमत पाच आकड्यांत जात होती. शिवाय कारखान्यातून आलेली धार बहुतेकदा थेट दाढी करण्याजोगी नसते, तिला दगड दाखवावाच लागतो, हेही कळलं. पुन्हा पुण्याचीच वाट. चीनहून येणारे स्वस्त वस्तरे हजाराच्या आत-बाहेर मिळतात. पोलाद वाईट नाही म्हणतात, पण घासणी, म्हणजे पात्याच्या बाजू घासून दिलेला आकार, ओबडधोबड असते आणि पात्याच्या मुळाशी असलेला जाड खांदा दगडावर अडतो. ज्याला दगडकाम येतं त्याने असा घेऊन सुधारावा. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवशिक्याची दाढी नीट झाली नाही, तर दोष हाताचा, धारेचा की पात्याचा हे त्याला कळायला मार्गच नसतो. पहिला वस्तरा असा हवा की धारेबद्दल शंका उरू नये.

पुण्याहून फोटो येत गेले. मी तीनच बाजू मागायचो: आडवा पूर्ण, पाठीकडून सरळ, आणि काचेवर ठेवलेला. एक फार सुंदर होता, कासवाच्या पाठीसारख्या ठिपक्यांची मूठ. ती सेल्युलॉइडची होती. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून निघणाऱ्या वाफेने पात्याला गंज चढतो, म्हणून सोडला. एक शेफिल्डचा होता, इंग्लंडचा, पातं जाड आणि जड, पाचरीसारखं. राठ दाढीला असं वजन उपयोगी पडतं, पण पाचरीच्या पात्याचा बराच भाग दगडाला लागतो आणि धार लावायला वेळ आणि हात दोन्ही जास्त लागतात. तोही ठेवला बाजूला.

घेतला तो सोलिंगेनचाच, जुना, ५/८ इंची. ६/८ सुद्धा पहिल्यांदा चालतो. त्यात वजन थोडं जास्त आणि फेस जास्त मावतो. पण माझं नाक बसकं आणि ओठावरची जागा कमी, तिथं अरुंद पातं सोयीचं. घासणी अर्धी पोकळ. पूर्ण पोकळ पातं दोन्हीकडून इतकं कोरलेलं असतं की नखाने छेडलं तर वाजतं. हलका हात असलेल्याला ते आवडतं, पण राठ केसावर दाबलं तर लवतं. टोक गोल. हे मी आवर्जून सांगेन. चौकोनी टोक मिशीची कड कोरायला छान, पण सुरुवातीला लक्ष गालावर असताना ते टोक कानाच्या पाळीत कधी शिरेल सांगता येत नाही. पोलाद साधं, स्टेनलेस नाही. साध्या पोलादाला दगडावर धार लवकर येते, आणि काकाजींच्या हाताला त्याचीच सवय. गंजाची भीती खरी आहे, विशेषतः आमच्या पावसाळ्यात, पण दाढीनंतर कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवलं तर काही होत नाही. खोबरेल वापरू नये, ते खवट होऊन चिकटतं. मूठ काळी, साधी, प्लॅस्टिकची. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं.

दाढीआधी वस्तरा ज्या चामडी पट्ट्यावर फिरवून कड ठीक करतात, त्या पट्ट्यासाठी मात्र मला पुण्याला जावं लागलं नाही. पोळ्याच्या आधी बैलांसाठी घुंगरांचे चामडी पट्टे बनवणारे एक कारागीर वरुडच्या बाजारात बसतात. त्यांच्याकडून म्हशीच्या कातड्याचा, तीन इंच रुंद, बिनशिवणीचा पट्टा करून घेतला, एका टोकाला कडी लावून. बाहेरून महागाचा मागवायची सुरुवातीला गरज नाही, कारण शिकताना पट्ट्यावर काप पडतातच. काकाजींनी तो तळहाताने कितीतरी वेळ घासला, मग खिडकीच्या गजाला अडकवून ताणला. वस्तरा न देता मला बोथट सुरी दिली. "पाठ फुडं, धार मांगं. आन् पलटवताना पाठीवरून पलटव, धारेवरून नाई." दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर पाठ पुढे जाते. एवढ्या एका गोष्टीवर सगळं उभं आहे. पट्ट्यावर धार पुढे गेली तर चामडं कापलं जातं आणि कडही वळते. दाब अजिबात नको, फक्त वस्तऱ्याचं स्वतःचं वजन. पट्टा ढिला सोडला तर तो पात्याभोवती वाकतो आणि कड गोल होते. सुरीवर हात बसल्यानंतरच त्यांनी माझ्या हाती खरा वस्तरा दिला. पट्टा दर दाढीआधी मारावा लागतो. दगड काही महिन्यांनी.

काकाजींकडे तळहातावर मावेल एवढा एक करडा दगड होता, वर्षानुवर्षं वापरून मध्ये खोलगट झालेला. विळ्याला चालला असता. वस्तऱ्याला दगड काचेइतका सपाट लागतो. आम्ही त्यावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि जाड काचेवर वॉटर पेपर ओला करून त्यावर तो घासला. कडेच्या रेघा लगेच पुसल्या गेल्या, मधल्या कितीतरी वेळ तशाच राहिल्या. त्या पुसल्या तेव्हा दगड सपाट झाला. आता धार थोडी मंदावली की काकाजी त्या दगडावर पाण्याचे थेंब टाकून ती जागवून देतात. धार पार गेली, किंवा कडेला कपची पडली, तर पुण्याला. तिथं ते १००० ग्रिटच्या दगडापासून (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) सुरू करून १२००० पर्यंत चढत नेतात.

दाढीबद्दल थोडंच सांगतो. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, साबण फेसतच नाही. फेस पातळ असेल तर कितीही चांगला वस्तरा ओढतो. मी फेसासाठी आरओच्या कॅनमधलं वाटीभर पाणी घेतो, तेवढ्याने फरक पडतो. पातं गालाशी साधारण ३० अंशांवर, दुसऱ्या हाताने कातडी घट्ट ताणलेली, आणि सुरुवातीला फक्त दोन्ही गाल. बाकी दाढी सेफ्टी रेझरने. गाल जमल्यावर मान, आणि हनुवटी सगळ्यात शेवटी. हनुवटीच्या वळणावर पात्याचा कोन दर अर्ध्या इंचाला बदलतो आणि तिथली कातडी ताणायलाही अवघड. ज्या दिवशी घाई असेल, बाजाराचा दिवस असेल किंवा रात्रभर लाईनची वाट बघत जागरण झालं असेल, त्या दिवशी मी वस्तऱ्याला हात लावत नाही. हा वस्तरा फक्त माझा आहे, घरात दुसरं कोणी वापरत नाही. फुकटातली धार बघून मित्र मागतात, पण देत नाही. त्याचं कारण वर सांगितलंच.

मानेवरचं पुरळ गेलं. आत वळलेले केसही आता क्वचितच दिसतात, तेही हनुवटीखाली जिथं माझा हात अजून नीट बसलेला नाही.

काकाजींचा नातू हल्ली आम्ही दगडावर बसलो की दुकानातून डोकावतो. गिऱ्हाइकाला तो ब्लेडच वापरतो, वापरायलाच पाहिजे, पण धार लावणं त्याला शिकायचंय. काकाजींचे डोळे आता अधू झालेत. कडेवरचा उजेड त्यांना पहिल्यासारखा दिसत नाही, ते अंगठ्याच्या पेरावर जोखतात. म्हणून यंदा मृगाची संत्री विकली गेली की १००० चा, ३००० चा आणि ८००० चा असे तीन दगड आम्ही दोघांनी मिळून घ्यायचं ठरवलंय. मावसभावाचा तो डुलणारा वस्तरा त्याने सरावासाठी देऊ केलाय. काकाजींनी नको म्हटलं. वाकड्या पात्यावर शिकलेला हात वाकडाच राहतो, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि सरावासाठी त्यांनी धोकटीतला दुसरा वस्तरा काढून दिलाय. त्याची कड अजून सरळ आहे.